पाहणीला आलेलं स्थळ

"स्थळ बघायला आलोय," दारात उभा राहून तो म्हणाला, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

आता तुम्हीच सांगा, लगीनसराई तोंडावर आलेली, चौसाळ्याजवळचं गाव, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा असं बोलला तर चंद्रभागाआत्यानं दुसरं काय समजायचं? तिनं त्याला खाटेवर बसवलं, पंखा त्याच्याकडं वळवला आणि आत येऊन भाचीच्या कानात कुजबुजली, "तुळजा, ऊठ, साडी नेस. पाहुणा आलाय. एकटाच आलाय बघ, काळ लई बदलला बाई!"

तुळजा भडकली. न सांगता येतात म्हणजे काय! साडी नेसली तिनं, पण पोह्यांत मिरच्या मुद्दाम मूठभर टाकल्या. त्यानं पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तरी बिचाऱ्यानं ताटली संपवली.

"शेतीला पाणी हाय का तुमच्या?" आत्यानं विचारलं.

"माझ्या?..." तो गोंधळला. "मी शहादेव. उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून ओलिताच्या जमिनींचा नकाशा करतोय. बबनरावांच्या सोसायटीचं क्षेत्र... स्थळपाहणी..."

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. तुळजाला हसू आवरेना. "पोरगी बघून झाली असंल तर आता जमीन बघा," ती म्हणाली.

"पोरगी बघायला आलोच नव्हतो," तो म्हणाला. मग मान खाली घालून, हळूच, "पण... बघितली."

तुळजाचे वडील बबनराव सहकारी उपसा सिंचन सोसायटीचे सचिव. तलावातलं पाणी पंपानं चढवून शिवाराला द्यायचं, हे सोसायटीचं काम. पण दुष्काळात तलाव आटला, पंप गंजला, दारावर नुसती पाटी राहिली. आता योजना पुन्हा सुरू करायचं चाललं होतं, म्हणून कुठल्या साली कुठलं रान भिजत होतं ते शहादेव चित्रांत शोधायचा आणि बांधावर येऊन खात्री करून घ्यायचा. बबनरावांचे गुडघे धरलेले. तेव्हा शिवार दाखवायला तुळजा, आणि तुळजावर राखण म्हणून आत्या. आत्या पहिल्या लिंबाखाली बसली की तिथंच पेंगायची.

"हे लाल काय वो? आग लागली व्हती का?" तुळजानं लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं.

"पीक आहे. हिरवं पीक या चित्रात लाल दिसतं."

"उलटंच हाय तुमचं! मंग तुमचे कान लाल झालेत ते कावून?"

शहादेव लॅपटॉपवर वाकला. कान आणखीच लाल झाले, आणि तुळजाला तो दिवसभर आठवत राहिला.

मग ती रोजच काही ना काही विचारायची आणि तो रोजच थोडा जास्त वेळ थांबायचा. एकदा ती म्हणाली, "तुमचं गाव दाखवा की."

त्यानं चित्र धारूरच्या डोंगराकडं सरकवलं. भुरकट. दुसऱ्या सालचं काढलं, तेही भुरकट.

"लाल कधीच न्हाई?"

"एखाद्या साली... जरासं."

"तुमची आई पाणी कुठून आणती?"

"डोंगराखालून. वर्षानुवर्षं."

तुळजानं लॅपटॉप मिटला. मग तिनं सांगितलं. तिची आई अशाच एका उन्हाळ्यात विहिरीत उतरली होती, तळाचं पाणी वाटीनं भरायला. पाय घसरला, ती वर आलीच नाही. बबनरावांनी त्याच दिवशी ठरवलं, पोर देईन तर पाण्याच्या गावात, नाहीतर घरी ठेवीन. शहादेवनं तिच्या हातावर हात ठेवला. आत्या लिंबाखाली घोरत होती. तुळजानं हात काढून घेतला नाही.

आणि मग खरंच स्थळ आलं, गेवराईकडचं, गोदाकाठचं. "बागायती तर सगळेच म्हणत्यात," बबनराव म्हणाले. त्यांनी शहादेवला बोलावलं आणि पोराच्या जमिनीचा गट नंबर पुढं ठेवला. "दुष्काळातली सालं काढा. तुमी सांगाल ते खरं."

शहादेव गाडीवरची बॅग आणायला बाहेर आला, तसं तुळजानं त्याला गोठ्याआड गाठलं. "कोरडं हाय म्हणा. एवढंच. फुडचं मी बघते."

"तुळजा..."

"मी नको का तुमाला?"

त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की तिला उत्तर मिळालं. ती हसतच आत गेली.

त्यानं चित्र काढलं. दुसरं काढलं. तिसरं काढलं. तुळजा चुलीपाशी श्वास रोखून उभी.

"लाल आहे," शहादेव म्हणाला. "दरसाल. दुष्काळातसुद्धा."

बबनरावांनी त्याला हात जोडले. "पोरा, देवासारखा भेटलास बघ," म्हणाले आणि लगेच फोन उचलला.

तुळजा त्याच्यामागं अंगणात धावली. "खोटं बोलता येत न्हाई तुमाला?"

"ओठांवर आलं होतं गं. पण डोळे मिटले की तूच दिसतेस, आमच्या डोंगराखाली, हंडा घेऊन, वाकलेली..." त्यानं बॅग खाली ठेवली. "लई जीव आहे तुझ्यावर. म्हणूनच."

इतके दिवस ज्या शब्दांसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता ते आज, असे आले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आता विचारतो," तो घाईघाईनं म्हणाला, "तुळजा, तू माझ्याशी—"

"गप बसा!" तिनं त्याला अडवलं. घरातून बबनरावांचा आवाज येत होता, भरून आलेला, कित्येक वर्षांत ऐकू न आलेला... "आमचं ठरलं! सुपारी फोडायला या!"

"माझ्या बापाचं ऐकलं तुमी," ती म्हणाली. "नकाशाला विचारलं. मेलेल्या आईला सुदिक विचारलं. मला कावून न्हाई विचारलं वो? मी हंडा घेतला असता की."

शहादेव उभाच राहिला. आत्यानं हाक मारली तशी तुळजानं तोंड धुतलं आणि ती आत गेली.