उपाशी वगार आणि दूधपिती धामण

“हे कोणाले सांगितलं तर कोणी खरं मानणार नाई!” उंबराच्या फांदीवरून जगदेव ओरडला आणि नीट उतरायच्या ऐवजी सरळ वाळूत आदळला. आदळला तो थेट रुख्मिणीच्या उशाशी. ती खोपड्याच्या सावलीत डुलकी घेत होती.

“मग सांगूच नको,” ती डोळे न उघडता म्हणाली.

“ताई, अवं ऊठ! मामाच्या चांदरीले एक वगार पिऊन राह्यली! कपाळाले कुंकू लावलेली! नदीतून पवत आली!”

“काल तू पटका बांधलेली मगर पाह्यली. परवा पोपटानं तुले पाढे इचारले. आज कुंकवाची वगार. उद्या कोण येते, सांग म्हणजे चहा ठेवते.”

जगदेवने तिला हाताला धरून ओढत काठावर नेलं. तिथं चांदरी म्हैस एकटीच उभी राहून निवांत रवंथ करत होती. वगार नाही, त्या पारडीचं शेपूटही नाही!

“आईची शप्पथ, ताई!”

“मगरीच्या वेळीही आईच होती.”

आता यात रुख्मिणीचा तरी काय दोष? थापा मारण्यात जगदेवचा हात वाशीमच्या अख्ख्या शाळेत कोणी धरत नसे. पण आज पहिल्यांदाच तो खरं बोलत होता आणि कोणी ऐकत नव्हतं! अंगभर खाजकुयली पडावी तसं त्याला झालं. तो बसेना, उठेना, नुसता येरझारा घालू लागला.

आणि खरं पटवणं आजच भाग होतं. उद्या फार उशीर झाला असता.

सुट्टीत दोघं मामाच्या गावी आली होती, मानोऱ्याच्या अलीकडे. उन्हाळ्यात नदी आटायची, पण गावालगतचा डोह आटत नसे. त्याच्या मधोमध हे बेट. बेटावर धुरपताबाईंची टरबुजांची वाडी, आणि वाडीत त्यांचं खोपडं. तुराट्यांच्या कुडाच्या भिंती, वर शिंदीच्या पानांचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन. दार म्हणून एक गोणपाट! मामाच्या टिनाच्या घरात जीव भाजून निघे, आणि इथं पाण्यावरचा वारा कुडातून शिटी वाजवत आत येई. पोरांनी हट्टच धरला, राहायचं तर इथंच. भाकर, ठेचा आणि फुटलेली टरबुजं. याहून सुट्टी ती कोणती?

पण आज सकाळीच मारोतरावमामा डोंग्यातून तणतणत आला होता. महिन्याभरापूर्वी त्याने बाजारातून चांदरी आणली; तिची वगार मेली, असं व्यापाऱ्याने सांगितलं होतं. सकाळी चरवी भरून दूध देई. दुपारी डोह ओलांडून बेटावर चरायला येई, आणि संध्याकाळी घरी गेली की कासेत थेंब नाही!

“धामण!” मामा काठी आपटून म्हणाला होता. “धामण दूध पेऊन राह्यली. म्हशीच्या पायाले इळखा घालते अन् सड तोंडात धरते. तुह्या कुडातच राह्यते ते, धुरपता! उद्या दुपारी गवत पेटवतो, अन् खोपडंही.”

“अन् माही वाडी?” धुरपताबाईंनी विचारलं. “टरबुजं आत्ता कुठं भरून राह्यली, भाऊ. वर्षाची ज्वारी याच्यावरच येते माह्या घरात.”

“वाडी दुसरीकडे लाव.”

“फळावर आलेला येल उपटून दुसरीकडे लागते काय?”

मामाने ऐकलंच नाही. तेव्हापासून धुरपताबाई वेलांना पाणी घालत होत्या, उद्या जळणार असलेल्या वेलांना!

“ताई,” जगदेव पुन्हा म्हणाला, “मी खोटारडा हाओ, कबूल. पण वगार खोटी नाई!”

 रुख्मिणी चांदरीच्या पोटाखाली वाकून पाहत होती. मग तिने कासेच्या वर बोट फिरवलं आणि त्याच्यासमोर धरलं. बोट लाल होतं.

“कुंकू!” ती म्हणाली. “धामण कुंकू लावत नाई, जगू.”

तेवढ्यात पाण्यातून एक डोकं वर आलं. पलीकडच्या तांड्यावरचा सेवालाल! रोज दुपारी तो मासे पकडायला इकडे येई.

“कुंकवाची वगार?” तो पाणी झटकत म्हणाला. “अरे, ते तर आमची! बापानं महिन्याखाली बाजारातून आणली. यापारी म्हणे, माय मेली तिची. कडब्याले तोंड लावत नाई, सरकीची ढेप चाटत नाई, तरी फुगूनच राह्यली! बाप म्हणते, देवाची वगार हाये, उपास करते. बाया कुंकू लावतात, नारळ फोडतात. फक्त दुपारी कुठं जाते, कोणाले माहीत नाई. बाप म्हणते, ध्यान करायले जाते.”

तिघं एकमेकांकडे पाहू लागली. मग अशी हसत सुटली की चांदरी बिचकली.

“म्हणजे यापाऱ्यानं मायलेकी फोडल्या!” रुख्मिणी म्हणाली. “माय इकडं इकली, लेक तिकडं. अन् या दोघा शहाण्यायनं इचारलंही नाई!”

“चला, मामाले सांगू!” जगदेव म्हणाला.

सांगितलं. मामा काय म्हणाला? “जगदेव बोलला ना? मग खोटंच!” सेवालालचा बाप सोमला काय म्हणाला? “देवाच्या वगारीवर आळ घेता? पाप लागन!”

दोघांना प्रत्यक्ष डोळ्यांनी दाखवल्याशिवाय इलाज नव्हता. पण मामाला आल्या आल्या काडी ओढण्यापासून थांबवायचं कसं, आणि सोमलाला बेटावर आणायचं कसं? जगदेव गालात हसला.

“खरं सांगून कोणी ऐकत नाई ना? मग ज्याले जे आवडते ते सांगू!”

दुसऱ्या दिवशी त्याने मामाला सांगितलं, “धामण टोपल्याखाली कोंडली!” आणि सेवालालने बापाला सांगितलं, “बेटावर वगारीच्या देवळाले जागा सापडली!” दोघंही अस्से धावत आले! मामा रॉकेलचा डबा, काठी आणि काडेपेटी घेऊन. सोमला नारळ घेऊन.

सूर्य डोक्यावर आला. चांदरी येऊन उभी राहिली. पण वगारीचा पत्ता नाही!

“बा, वगार कुठं हाये?” सेवालालने हळूच विचारलं.

“घरी बांधून ठेवली. देवळाची जागा पक्की झाली की वाजतगाजत आणू. फुलं घातलीत गळ्यात!”

 पोरांच्याच थापेनं घात केला होता! सेवालालने पाण्यात उडी घेतली आणि तांड्याकडे सूर मारला.

“उचल ते टोपलं!” मामा गरजला.

आता वेळ काढायची होती, आणि जगदेवजवळ वेळ काढायला एकच गोष्ट होती.

“मामा, थांबा! अंडे देऊन राह्यली ते! आत्ता हटकली तर सात पिढ्या पाठ सोडत नाई.”

मामाचा हात जागीच थांबला. “तुले काय माहीत?”

“म्यां डोळ्यानं पाह्यली ना! काल दूध पेऊन बाहेर आली, तं तिले दुधाची पांढरीफेक मिशी! शेपटानं पुसली, अन् मले म्हणते कशी, मारोतरावाच्या म्हशीचं दूध एवढं गोड कसं?”

“सरकी चारतो म्हणा!” मामा छाती फुगवून म्हणाला. मग एकदम भानावर आला. “धामण बोलते?”

“वऱ्हाडीच बोलते!” रुख्मिणी गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

सोमला नारळ विसरून ऐकत होता. धुरपताबाई पदर तोंडावर धरून उभ्या होत्या, पण त्यांचे डोळे पाण्यावर होते. जगदेवने धामणीचं लग्न लावलं, वऱ्हाड जेवू घातलं, नवरदेवाचे रुसवे काढले. त्याचा घसा कोरडा पडला. तरी पाणी रिकामंच!

“बस!” मामाने लाथेनं टोपलं उडवलं. खाली एक बेडूक! त्याने मामाकडे पाहिलं आणि टुणकन उडी मारून तो पळाला.

मामा लालबुंद झाला. त्याने रॉकेल कुडावर ओतलं. काडी ओढली. वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली.

“भाऊ, नोको!” धुरपताबाई कुडाला पाठ लावून आडव्या उभ्या राहिल्या.

“मामा, पाण्यात पाहा! एकदाच!”

या वेळी जगदेवच्या आवाजात असं काही होतं की मामाने मान वळवली. डोहाचं पाणी कापत एक काळं डोकं येत होतं. गळ्यात फुलांची माळ, कपाळाला ओलं कुंकू, आणि मागे धापा टाकत सेवालाल! वगार काठावर चढली. तिने ना देवळाची जागा पाहिली, ना सोमलाचा नारळ. सरळ चांदरीच्या पोटाखाली शिरली. ढुशी दिली आणि चुटूचुटू पिऊ लागली! चांदरी तिला मायेनं चाटू लागली.

काडी मामाच्या बोटांपर्यंत जळत आली, तेव्हा तो “हाय!” करून ओरडला.

“हे तुमची धामण,” रुख्मिणी म्हणाली. “अन् हे, सोमलाकाका, तुमचा उपास!”

“तुह्या वगारीनं माहं दूध पेलं!”

“तुह्या म्हशीनं माही वगार फूस लावून नेली!”

“चूप बसा दोघंही!” धुरपताबाई कडाडल्या. “यापाऱ्यानं सांगितलं वगार मेली, तं तू मान हलवली, मारोतराव. तो म्हणाला माय मेली, तं तू मान हलवली, सोमला. बिनमायच्या लेकराले मी काय पाजू, असं एकानं तरी इचारलं काय?”

 तिथंच वाळूत फैसला झाला. सकाळचं दूध मारोतरावांचं, दुपारचं वगारीचं, मायलेकी बेटावर धुरपताबाईंच्या नजरेखाली. मामाने स्वतःच्या हातांनी रॉकेलचा कुड धुतला. नारळ फुटला तो पोरांसाठी!

संध्याकाळी चावडीवर अख्खं गाव जमलं. म्हातारे पुंजाजी पाटील पोरांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, “शाबास! मोठ्यायले उजेड दाखवला तुमी. एका गरीब बाईचं खोपडं वाचवलं. सांग रे जगदेव, कसं कसं झालं, पहिल्यापासून सांग!”

जगदेवने सांगितलं. आधी सारं जसंच्या तसं सांगितलं. पण लोक जसजसे पुढे सरकत गेले, तसतशी त्याची जीभ वळवळू लागली.

“...अन् मग, पाटीलबाबा, कुडातून खरोखरची धामण निघाली! दोन पुरुष लांब! मामानं वाटीत दूध ठेवलं. तिनं गटागटा पेलं, अन् मामाले नमस्कार—”

“खोटं!” गर्दीतून मारोतरावमामा ताडकन उठला. “साफ खोटं! अरे लबाडा, धामण कधी दूध पेते काय?”