आवरलेला हुंदका

ही हकीगत खरी आहे. ज्यांच्या घरात ती घडली त्या सत्यवतीबाईंनी स्वतः सांगितलेली आहे, आणि खोटे बोलून त्यांना काही मिळवायचे नव्हते.

साल १९५६, भातकापणीचे दिवस. जागा पनवेल, वडाळे तलावापलीकडचे पाळकांचे घर. वेळ मध्यरात्रीची नव्हे.

भर दुपारची.

रेव्हरंड दिनानाथ आमोलिक हे तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक. रविवारी उपदेश करायचा, एरवी ग्रीक आणि लॅटिन वाचायचे. आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंतांनी स्टोइकांकडून काय घेतले, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. स्टोइक म्हणजे जुन्या ग्रीकांतला एक तत्त्वज्ञ पंथ. ज्ञानी माणसाने शोकाला थारा देऊ नये, ही त्यांची शिकवण. चर्चच्या पहिल्या पंडितांना ती फार आवडली. अडचण एकच होती. प्रभू स्वतः मित्राच्या कबरीपाशी रडला होता.

मग पंडितांनी खुलासे केले. ते अश्रू दुबळेपणाचे नव्हते, लोकांना शिकवण्यापुरते होते, वगैरे. एखाद्या गुन्ह्याचा द्यावा तसा त्या अश्रूंचा खुलासा विद्वान शतकानुशतके देत आले. दिनानाथांना हे सारे पटले. इतके, की प्रेतापाशी हेल काढून रडणे त्यांनी आपल्या मंडळीत बंदच करून टाकले.

आणि त्याच वर्षी त्यांच्या आठ वर्षांच्या मालूला घटसर्प झाला.

घसा सुजून बंद होत आला होता. डॉक्टर सुई टोचत, तेव्हा ती ओठ घट्ट मिटून घेई. फक्त एक हुंदका येई... तोही अर्धाच.

"शहाणी माझी मुलगी," दिनानाथ म्हणत. "बघ, रडत नाही."

त्या आठवड्यातच ती गेली.

शेजारच्या गुणाबाई कापणी टाकून तशाच धावत आल्या. मालूची अर्धी जेवणे त्यांच्याच घरी होत. शवपेटीपाशी बसून त्यांनी गळा काढला, तोच दिनानाथांनी हात वर केला.

"गुणाबाई, इथं नको. मुलगी प्रभूकडे गेली आहे."

"गेली ती आमच्याकडनंच ना, पादरीबाबा? मी काय दगडाची हाय?"

कोणीतरी त्यांना धरून बाहेर नेले. मालूच्या आईने, सत्यवतीबाईंनी, पदराचा बोळा तोंडात कोंबला. दफन शांतपणे पार पडले. मुंबईहून आलेल्या वरिष्ठांनी पाळकांच्या धैर्याची वाखाणणी केली आणि चहा घेऊन ते परतले.

काही दिवस गेले.

एका दुपारी दिनानाथ वाचत बसले होते. मधल्या खोलीतून आवाज आला...

हुंदका. अर्धाच.

मग कोंडलेल्या श्वासासारखी शांतता... आणि पुन्हा तोच.

बायको रडते आहे, असे त्यांनी ठरवले. पुस्तक मिटले नाही. पण आवाज रोज येऊ लागला. अखेर एकदा जेवताना त्यांनी विषय काढला.

"सत्यवती, किती दिवस हे चालायचं?"

"काय ते?"

"दुपारचं रडणं."

सत्यवतीबाईंचा घास हातातच राहिला. "अहो, ते तुम्ही नाही?"

"मी?"

"मला वाटायचं, तुम्हीच. म्हणून मी स्वयंपाकघरातून हलायची नाही. म्हटलं, रडताहेत तर रडू देत एकदाचे." त्या ओशाळून हसल्या. "बरं वाटायचं हो ऐकून."



दोघेही इथे होते...

आणि मधल्या खोलीत हुंदका आला.

दिनानाथ उठून दारापर्यंत गेले. खोली रिकामी. मालूची गादी गुंडाळून ठेवलेली. त्यांनी उंबरा ओलांडला आणि आवाज बंद झाला. मागे सरले... तो पुन्हा आला.

"मालू," ते म्हणाले, "रड बाळा. पपा काही म्हणणार नाहीत."

शांतता. कोणीतरी अगदी जवळच ओठ मिटून उभे असावे, तशी.

ती शहाणी मुलगी होती. ती अजून त्यांचे ऐकत होती.

"तुम्ही रडा," सत्यवतीबाई दारातून म्हणाल्या. "नुसतं सांगून नाही व्हायचं. आधी तुम्ही रडा."

ऊन उतरेपर्यंत दिनानाथ त्या गादीपाशी बसून होते. डोळे कोरडे. इतक्या वर्षांच्या अभ्यासाचे फळ पुरतेपणी पदरात पडले होते.

दुसऱ्या दिवशी सत्यवतीबाई गुणाबाईंना हाताला धरून घेऊन आल्या.

"पादरीबाबा बोलतील, बाई."

"बोलू देत. तुम्ही बसा."

दिनानाथ बाहेर ओट्यावर थांबले. आत गुणाबाईंनी हेल काढला. "मालू गं... ताट वाढलंय गं माजे बाय... कुनाची वाट बगू मी..." सत्यवतीबाईंनी गादीवर डोके टेकले आणि त्याही फुटल्या.

दोन आवाज.

मग... तिसरा.

लहान. सुजलेल्या घशातून आलेला, घोगरा. पण आता पुरता मोकळा. तोंड वासून लेकरू रडते, तसा.

गुणाबाईंनी सत्यवतीबाईंचे मनगट गच्च धरले, पण हेल सोडला नाही.

ओट्यावर दिनानाथांना तो आवाज ऐकू आला. शहाण्या मुलीचे असे रडणे त्यांनी आयुष्यात ऐकले नव्हते. त्यांना राहवेना. त्यांनी दार ढकलले.

दोघी बायका रडतच होत्या.

तिसरा आवाज तेवढा थांबला.

तेव्हापासून जेवण झाले की दिनानाथ घराबाहेर पडत. तलावाच्या बांधावर उन्हात बसून राहत. पाळकसाहेब चिंतन करतात, असे लोक कौतुकाने म्हणत. प्रबंध तिथेच राहिला. संध्याकाळी परतल्यावर ते पायरीवरूनच विचारत, "रडली?"

"रडली," सत्यवतीबाई सांगत.



नाताळच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तसेच विचारले.

"आज बोलली," सत्यवतीबाई म्हणाल्या.

दिनानाथ पायरीवरच थांबले. "काय बोलली?"

"रडायच्या आधी विचारलंन्... पपा गेले का?"

दुसऱ्या दिवसापासून दिनानाथ बांधावर बसेनासे झाले. ते पार खाडीपर्यंत चालत जाऊ लागले. तिथून घर दिसत नाही.