हनुवटीवरची खूण

निप्पूरच्या कालव्याकाठी, बोरूच्या मांडवात गुलादेवीची नवी मूर्ती बसवली होती. कश्शू राजाच्या हुकमावरून तारीबूनं ती लाकडात कोरली, वर सोन्याचा पत्रा चढवला. हनुवटीवर बारीकशी खाच होती. चुकून राहिलेली नव्हे, मुद्दाम ठेवलेली. त्याची लेक रीशत खजुराच्या झाडावरून पडली होती, तेव्हा तिच्या हनुवटीवर राहिलेली ती खूण.

रीशत सध्या तापानं फणफणत होती. दुखणी बरी करणारी देवी हीच. तिनं पोरीला चेहऱ्यावरून ओळखावं, एवढंच तारीबूच्या मनात होतं.

पुजाऱ्यानं त्याची मनगटं पांढऱ्या फडक्यानं बांधली आणि लाकडी सुरी उचलली. कारागिराचे हात नावापुरते तोडायचे आणि मूर्ती आपल्या हातची नाही अशी शपथ त्यानं घ्यायची, ही रीतच होती.

"घाबरतोस काय लेका?" राजाचा मुकादम बुर्रा हसला. "हिनं लोणी कापलं जायचं नाही. शपथ घे, आणि चल जवाची दारू प्यायला."

"नाही घेतली तर?"

"माणसाच्या हातची मूर्ती डोळे उघडत नसते, बाबा. मग तुझ्या पोरीकडे बघणार कोण?"

तारीबूनं तोंड उघडलं.

मी

सुरी मनगटांना टेकली. गार. लाकूड इतकं गार नसतं.

हिला

मांडवाबाहेर देवीची पाळलेली कुत्री भुंकता भुंकता गप्प झाली.

घडवलं नाही.

फडकं सुटलं. हात जागच्या जागी होते, बोटं हलत होती. बुर्रा काहीतरी थट्टा करायला पुढे आला, थबकला, आणि ओळख नसल्यासारखी नजर वळवून चालू लागला.

मूर्तीच्या हनुवटीवरची खाच ओली दिसत होती.

तारीबू धावतच घरी गेला. रीशत अंगणात बदकांमागे पळत होती. ताप नव्हता. हनुवटी गुळगुळीत होती.

"रीशत!"

ती दचकली. "आई, कोणीतरी आलंय गं."

त्याची बायको निदिन्तू पिठाचे हात झटकत बाहेर आली. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"कुठून आलात, दादा? दमलेले दिसता."

त्याला एकच शब्द सुचला. "पाणी."

ती वाटी भरून घेऊन आली.

त्यानं दोन्ही हात पुढे केले.

त्या हातांकडे तिनं पाहिलंही नाही, जणू ते नव्हतेच. "बसा," म्हणाली, आणि एक तळवा त्याच्या हनुवटीखाली धरून, सांडू न देता, तिनं स्वतःच वाटी त्याच्या ओठांना लावली.