मनगटाला मनगट

त्याचं नाक मी फोडलं, ही आमची पहिली ओळख.

आता तुम्ही म्हणाल, काय बाई आहे! पण ऐका तर खरं. गुलमंडीच्या बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मी एका कापडाच्या दुकानात उभी होते, आणि मागून, अगदी माझ्या खांद्यावरून, एका पुरुषाचा हात पुढं आला. विचार करायला वेळ कुणाला? माझं कोपर सण्णकन मागं गेलं. वळून बघते तर दुकानातलाच एक उंच पोरगा नाक धरून उभा! मीच मागितलेला पांढरा तागा गोदामातून आणून तो बिचारा गादीवर ठेवत होता.

"अय्यो, सॉरी! मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं." रुमालानं रक्त पुसत तो चक्क हसत होता. "कोपर झकास आहे मॅडम. पण खांदा लई ताठ. सैल असता ना, तर मी आत्ता दवाखान्यात असतो."

मार खाऊन वर माझ्याच चुका काढत होता! मी म्हटलं, "कापड कापा गुपचूप."

"कापतो. पांढरं कशाला, शाळेच्या ड्रेसला?"

"कॉन्व्हेंटला. मी सिस्टर होणार आहे."

कात्री थांबली. मग हळूच मान वळवून त्यानं दुसरा गाल पुढं केला. "तुमच्यात असंच असतं ना? घ्या."

मला हसू आलं. हसायचं नव्हतं, तरी आलं.

त्याचं नाव ऋतुराज. दुकान त्याच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, आणि वरच्या गच्चीवर रोज सकाळी तो कुंग फू शिकवायचा. हे मी बोर्डिंगवर सांगितलं मात्र, सिस्टर करुणांनी मलाच तिकडं पाठवलं. "मुलींना स्वतःला सांभाळता आलं पाहिजे. तू शीक, मग त्यांना शिकव." सिस्टर करुणा आमच्या मोठ्या सिस्टर. त्यांच्यापुढं माझं काही चालत नाही.

मी मोनाली. आम्ही लासूर स्टेशन गावात राहत होतो तेव्हा आई वारली, बाबांनी दुसरं लग्न केलं, आणि मी इथल्या छावणी भागातल्या सिस्टर लोकांच्या बोर्डिंगमध्ये आले ती इथलीच झाले. आता त्याच बोर्डिंगमधल्या मुली मी सांभाळते. दिवसभर नुसता गलका. पण सुट्टी लागली की मुली पत्र्याच्या पेट्या घेऊन घरी जातात, आणि जेवणाच्या त्या लांबलचक हॉलमध्ये माझं एकटीचं ताट. चमचा ताटाला लागला तरी दचकायला होतं. जेवण घशाखाली उतरत नाही. अशाच एका सुट्टीत मी ठरवून टाकलं, आपण सिस्टर व्हायचं. देवाकडून बोलावणं येतं, त्याला आमच्यात पाचारण म्हणतात. मला पाचारण आलंय, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. जूनमध्ये त्या शिक्षणासाठी कॉन्व्हेंटमध्ये जायचं होतं.

गच्चीवर कोऱ्या कापडाचा खळीचा वास यायचा. कबुतरं कठड्यावर बसून आमची मजा बघायची. जोडीजोडीनं एक सराव असायचा. मनगटाला मनगट लावायचं, डोळे मिटायचे, आणि समोरच्याचा हात कुठं जाणार हे नुसत्या स्पर्शानं ओळखायचं. एके दिवशी मला जोडीदार नव्हता, म्हणून तोच समोर आला.

मनगट टेकलं... आणि दुसऱ्याच क्षणी मी दोन पावलं मागं ढकलले गेले.

"ताठ," तो म्हणाला.

"शांत उभी होते मी!"

"शांत नव्हती. ताठ होती. ताठ माणसाला ढकलायला सोपं असतं."

"अहो सर, मी चॅपलमध्ये प्रार्थनेला तासभर बसते. हलत नाही."

"खांब पण हलत नाय."

असा राग आला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधीच हजर. मग रोजच. त्याचं 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, माझं 'सर' कधी गळालं, मला खरंच आठवत नाही. सराव झाला की तो खालून चहा मागवायचा. थंडीत ग्लासाभोवती हात शेकत आम्ही कठड्याला टेकून उभे राहायचो.

"डोळे मिटल्यावर मनात काय म्हणतेस?"

"प्रणाम मारिया. मारियाआईची प्रार्थना."

"मनात नाय म्हणत. ओठ हलतात."

"डोळे मिटायचे असतात ना सरावात? मग माझे ओठ कसे दिसले?"

त्यानं चहा घाईनं पिऊन टाकला. कान मात्र लालबुंद झाले होते.

एकदा त्यानं विचारलं, "तिथं गेल्यावर भेटता येतं?"

"घरच्यांना. कधीमधी."

"आणि नाक फुटलेल्या लोकांना?"

"नाही."

मला वाटलं, आता काहीतरी चावट बोलेल. पण तो कठड्याकडं वळला. खाली रस्त्याकडं बघत राहिला... आणि माझं मला कळून चुकलं. मला हा माणूस आवडत होता. लपवून काय उपयोग? आवडत होता.

पुढं एका सकाळी मनगट टेकलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "मोनाली, तू कशाला घाबरतेस?"

"मी? घाबरते? कुणाला?"

"ते तुला माहीत. मी जा म्हणत नाय, जाऊ नको पण म्हणत नाय. तुझ्या आणि देवाच्या मधी मी पडणार नाय. पण घाबरून जाऊ नको. बस, एवढंच."

"तुला काय कळतंय माझ्यातलं? कापड विक तू!"

तरातरा जिना उतरले. पुन्हा त्या गच्चीवर जायचं नाही, असं ठरवलं आणि गेले नाही.

ईस्टरच्या आधी आमची रिट्रीट असते. तीन दिवस मौन. चॅपलमध्ये मी नेहमीसारखी बसले, पाठ सरळ, मुठी आवळलेल्या. आणि मला स्वतःचीच चीड आली. खांदे सोडून दिले. मुठी उघडल्या. ओठसुद्धा थांबवले. कितीतरी वेळ काहीच झालं नाही, आणि मग डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेचना. प्रभू, तू मला बोलावलंच नव्हतंस. मीच त्या रिकाम्या हॉलमधून पळत सुटले होते, आणि समोर तुझं दार दिसलं.

मौन सुटल्यावर सिस्टर करुणांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी मला जवळ घेतलं.

"एकटी आहेस म्हणून येऊ नकोस, बाई. इथंही एकटंच असावं लागतं. मी तीस वर्षं आहे ना."

"मग मी काय करू, सिस्टर?"

"आधी एकटी राहायला शीक. मग कुणाकडं जायचं ते ठरव. देवाकडं काय, माणसाकडं काय, पळत जाऊ नये."

'माणसाकडं' म्हणताना त्या किंचित हसल्या. त्यांना सगळं कळतं!

मे महिन्याच्या सुट्टीत मुली गेल्या. पंख्याच्या घरघरीत मी हॉलमध्ये एकटी जेवायला बसले. पहिले काही दिवस नको नको झालं. ऋतुराजकडं धावत जावंसं वाटायचं, आणि म्हणूनच गेले नाही. संध्याकाळी चॅपलमध्ये हात मोकळे सोडून बसायचे. हळूहळू जेवण चवीनं जाऊ लागलं. एक दिवस वरण-भात खाताना लक्षात आलं, अरे, मी गुणगुणतेय!

दुसऱ्या सकाळी गच्चीवर गेले. क्लास सुटला होता. तो एकटाच सतरंजी गुंडाळत होता. मला बघून उभा राहिला, दाढी वाढलेली.

"कधी निघतेस?"

"नाही जाणार."

"सिस्टरनी नाही म्हटलं?"

"मी म्हटलं. आणि उगं हुरळून जाऊ नको, ते काही तुझ्यासाठी नव्हतं." मग मी एक पाऊल पुढं गेले. "हे बघ, एकटेपणाला भिऊन मी आलेले नाही. सुट्टीभर एकटी राहिले, जमलं मला. तू नको म्हणालास तर रडेन, पण मरणार नाही. तरीपण आले. कारण मला तू आवडतोस."

बोलून झालं. तो कठड्यावर बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं. नेहमीची टर नाही, हसू नाही.

"तू यायची बंद झालीस ना," तो म्हणाला, "तेव्हा पोरांना रोज शांत राहायला शिकवत होतो, आणि पोरं गेली की इथंच बसून राहायचो. अण्णा खालून हाका मारायचे, तरी उतरावंसं वाटत नव्हतं." त्यानं वर बघितलं. डोळे भरले होते. "मला नाय गं येत एकटं राहायला."

मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा हात हातात घेतला.

"मी शिकवते," मी म्हटलं. "पण आज नाही."