शेवटचा आकडा

कमलबाई शिरड शहापूरच्या मोबाइलच्या दुकानात शिरल्या तेव्हा त्यांच्या एका हातात जुना साधा फोन होता आणि दुसरा फोन कानाला. "लेकरा, चष्मा घरीच राहिला बघ. माझ्या पोरीला यातले आकडे सांग बरं लवकर."

दुकानदार रत्नपालनं दोन्ही फोन घेतले. पलीकडून एक घाबरीघुबरी झालेली मुलगी बोलत होती. "दादा, मी साक्षी, जर्मनीहून बोलून राहिले. गाडी सुटायला आली... अन् तिकिटाचा ओटीपी तिकडं आलाय."

चूक तिचीच होती. नर्सिंगच्या नोकरीला जाताना कार्ड तिनं सोबत नेलं, पण ज्या सिमवर बँकेचा ओटीपी येतो ते सिम, नंबर चालू राहू दे म्हणून, आईकडच्या जुन्या फोनात ठेवून गेली. आता तिनं तिकडं कार्डावर ऑनलाइन काहीही घेतलं की फोन शिरडला वाजायचा.

रत्नपालनं आकडे वाचले. पलीकडं डब्याचं दार लागल्याचा आवाज आला, मग एक लांब श्वास.

"बसले बाई. लई उपकार झाले."

त्या दिवसापासून कमलबाईंनी जुना फोन दुकानातच ठेवला. पोरगं भलं होतं, अन् चष्म्याचं काही खरं नव्हतं. साक्षी थेट रत्नपालला फोन करू लागली. आधी नुसते आकडे. मग आकड्यांच्या अलीकडं थोडं, पलीकडं थोडं जास्त...

"ओटीपी कुणाला सांगू नका म्हणती बँक. वाचलं न्हाई का?" तो एकदा म्हणाला.

"मी कुठं सांगते? तुमीच सांगून राहिले मला."

"म्हंजी गुन्हेगार मीच व्हय?"

ती खळखळून हसली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "तिकडं शिवारात हळद शिजायला लागली की सांगा हं. वास आठवला की इथं करमत न्हाई."

बोलता बोलता तिचं 'दादा' कधी गळून पडलं, तिला कळलं नाही. रत्नपालला मात्र बराबर कळलं. त्या दिवशी त्यानं एकाचं रिचार्ज दुसऱ्याच्याच नंबरवर मारलं.

पण जिवाला एक घोर होता. साक्षी सुरुवातीलाच म्हणाली होती, "इथल्या बँकेत खातं उघडलं की तुमची तकलीफ संपली." रत्नपालला ती तकलीफ हवीहवीशी झाली होती. जुना फोन जरा जास्त वेळ गप्प राहिला की हा तो उचलून रेंज बघायचा. उघडलं वाटतं खातं...

एक दिवस कमलबाई कौतुकानं सांगत होत्या, "पोरीचा पगार तिथल्याच बँकेत पडतोय. खातं उघडून लई दिस झाले की."

रत्नपालनं जुन्या फोनातला मेसेज पुन्हा उघडून बघितला. आदल्याच दिवशी त्यानं ओटीपी दिला होता. रक्कम होती एका कप चहाच्या किमतीएवढी.

संध्याकाळी जुना फोन वाजला. पाठोपाठ साक्षीचाही आला.

"आला का? सांगा ना."

"आधी तू सांग. खातं कवा उघडलं?"

ती हळूच म्हणाली, "आईनं सांगितलं व्हय?"

"व्हय. मंग हे कार्ड काहून चालू हाय?"

"चॉकलेट घेते त्याच्यावर... लहानातलं लहान."

"चॉकलेटसाठी एवढी तकलीफ?"

"मला चॉकलेट आवडत न्हाई, रत्नपाल."

"मला वाटायचं, खातं उघडलं की तू फोनच करायची न्हाईस. लई भ्या वाटायचं." तो अडखळला. मग बोलून मोकळा झाला. "मला तू पायजेस, साक्षी."

"आकडे सांग," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'सांगा' नव्हे.

त्यानं एकेक आकडा सावकाश वाचला आणि शेवटच्यापाशी थांबला.

"अन् शेवटचा?"

"तो तू आल्यावर."

"सुट्टी मंजूर झाली हाय... हळद शिजायच्या आत येते."

ओटीपीची मुदत केव्हाच संपली. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.