नवव्या रिळातली ताई

ताईने त्या माणसावर पाणी सोडलं असतं तर तिच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघू. आईचा गहिवर, दोन मावश्यांचं कौतुक आणि ‘देवमाणूस हो!’ हा जन्मभर पुरणारा किताब. सोडलं नसतं तर मिळणार होता फक्त तो माणूस. ताईला पहिला सौदा फायद्याचा वाटला, यात तिला दोष देता येत नाही. तीन आठवडे रोज तीन वेळा ती तोच सिनेमा ऐकत होती.

ताई थिएटरच्या तिकीटखिडकीत बसायची. लागला होता जुना, काळा-पांढरा, रडवा सिनेमा. त्यातली नायिका आपला प्रियकर धाकट्या बहिणीला देऊन टाकते आणि तिच्या लग्नाच्या दिवशी खोकत खोकत जिन्यावर प्राण सोडते. बायका घरून दोन-दोन रुमाल घेऊन यायच्या.

त्या माणसाची ओळख झाली ती घोटाळ्यातून. पहिल्या दिवशी तो खिडकीशी येऊन म्हणाला, “मला वर जायचंय.”

“वर म्हणजे बाल्कनी. किती?”

“मी... एकटाच.”

ताईने तिकीट फाडलं, त्याने पैसे मोजले. मध्यंतरात कळलं, हा वर सिनेमाचं मशीन चालवणारा नवा ऑपरेटर! तिकीट काढून नोकरीवर हजर झालेला.

“अहो, बोलला का नाहीत?”

“तुम्ही मान वर केलीत, आणि... सुचलंच नाही.”

“तिकीट द्या, पैसे परत करते.”

“नको. राहू दे माझ्याकडे.”

पुढे रोज मध्यंतरात चहाचे दोन कप खिडकीच्या फळीवर येऊ लागले. कप ठेवून झाला तरी त्याची बोटं फळीवरच रेंगाळायची, आणि ताई सरळ असलेला तिकिटांचा गठ्ठा पुन्हा सरळ करायची.

मग एका सुट्टीला त्याने ताईच्या घरी येऊन बंद पडलेला पंखा चालू करून दिला. तो गेल्यावर ताईची धाकटी बहीण वाऱ्याखाली केस मोकळे सोडून म्हणाली, “आई, ह्याला घरातच ठेवून घे गं!”

आईने ताईकडे पाहिलं. ताईने पंख्याकडे. ताईचा त्यागाचा निर्णय तिथेच झाला.

दुसऱ्या दिवशी तिने चहाला हात लावला नाही.

“माझ्या बहिणीला सुखात ठेवा. मला विसरा. मी काय... सावली. दिवा विझला की संपले.”

ऑपरेटरने शांतपणे घोट घेतला. “नववं रीळ.”

“काय?”

“हे वाक्य नवव्या रिळातलं आहे. दहाव्यात खोकला सुरू होतो. झालाय का?”

“चेष्टा सुचतेय तुम्हाला!”

“धाकटीला विचारलंत?”

“त्यागात कुणी विचारतं का?”

“तेच तर! सिनेमातल्या धाकटीलाही अकराव्या रिळापर्यंत पत्ता नसतो. तुम्ही आज घरी जाऊन विचारा.”

“आणि ती हो म्हणाली तर?”

त्याने तिचा कप पुढे सरकवला. “चहा... निवतोय,” तो म्हणाला.

ताईने विचारलं तेव्हा धाकटी नखं रंगवत होती.

“मला? तो? अगं बाई, तुझ्यासाठी म्हटलं मी! ठेवून घे म्हणजे जावई करून घे. तू देवमाणूस होणार आणि नवरा माझ्या गळ्यात? मला उंच हवाय, सांगून ठेवते.”

दुसऱ्या दिवशी खिडकी बंद करून ताई पहिल्यांदाच मशीनच्या खोलीचा जिना चढली. नववं रीळ चालू होतं. खाली नायिका सावलीचं वाक्य म्हणत होती.

“धाकटी नाही म्हणाली,” ताई म्हणाली. “उंच हवाय तिला.”

“आणि तुम्हाला?”

“मला... वर यायचं होतं.”

“एकटीलाच?”

“नाही,” ताई म्हणाली.

पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायची खूण चमकून गेली. ती कुणीच पाहिली नाही. पडदा पांढराफटक पडला आणि हातात रुमाल काढून बसलेल्या बायका ओरडल्या, “अहो ऑपरेटर!”

त्या दिवशी नायिका चार मिनिटं उशिरा मेली. आईचा गहिवर ताईला मिळालाच, आनंदाचा. धाकटीला फुकट पंखा दुरुस्त करणारा मेहुणा मिळाला. ताईचा किताब हुकला. खिशाला चाट बसली ती एकट्या ऑपरेटरला, बाल्कनीच्या एका तिकिटाची. ते पैसे त्याने अजून परत मागितलेले नाहीत.