नववं पुडकं

माझ्या मावशीच्या घरात लसूण येत नाही.

लोकांना वाटतं, पित्ताचं पथ्य असेल. पथ्य नाही, आणि म्हातारीचा चक्रमपणाही नाही. खरं कारण मला ठाऊक आहे, कारण तिने ते एकदाच सांगितलं आणि मलाच सांगितलं. यात माझ्या पदरचं काही नाही. पटलं नाही तर सोडून द्या.

भुतं रात्री दिसतात म्हणे.

हे सकाळी नऊ वाजता घडलं. लख्ख उजेडात, फिनेलने पुसलेल्या हॉलमध्ये, भिंतीवरच्या घड्याळाखाली.

मावशी सैन्याच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात सिस्टर होती. विषारी वायूने कातडीवर फोड येतात, त्यावर मलम शोधायचं काम तिथे चालायचं. आधी सशांवर. मग जवानांवर. सगळे स्वखुशीने आलेले... असं कागदावर. बदल्यात पंधरा दिवसांची रजा.

पद्धत अशी. कोपराखाली मलम लावायचं, त्यावर त्या विषाचा एक थेंब टाकायचा, वर पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवसापासून रोज नऊच्या ठोक्याला मावशी पट्टी सोडणार, नवी बांधणार. सोडलेली पट्टी मेणकागदात गुंडाळायची, पुडक्यावर खाटेचा नंबर लिहायचा आणि पुडकं काट्यावर ठेवायचं. फोडातून जितकं पाणी गळलं, तितकं वजन जास्त. वजन वहीत लिहायचं, पुडकं भट्टीत जाळायचं.

शी! माणसाचा पू तोलायचा, भाजी तोलतात तसा. मावशी म्हणते, पहिला महिना घास घशाखाली उतरत नव्हता. नंतर सवय झाली. त्या सवयीचीच तिला आज जास्त किळस येते.

लागोपाठ दोन तुकड्यांच्या पट्ट्या कोरड्या निघाल्या की मलम पास. मलम पास झालं की पुढे काचेची खोली. अंगभर मलम फासून सगळ्यांनी आत उभं राहायचं, आणि खोलीत वायू सोडायचा.

त्या तुकडीत आठ खाटा होत्या. पहिल्या दिवशी मावशी चार नंबरपाशी आली आणि तिथेच थबकली.

खाटेवर तिचा धाकटा भाऊ होता. माझा मामा.

"बारक्या! तू?"

"हळू बोल ना ताई. इथे तुला सिस्टर म्हणायचंय मला."

"मेल्या, सही कुणाला विचारून ठोकलीस?"

"पोरगी दोन महिन्यांची झाली. अजून तोंड नाही पाहिलं तिचं. रजाच देईनात. आणि घाबरतेस काय? मागच्या तुकडीत हेच मलम लावलं होतं. साहेबांनी वाचून दाखवलं, आठपैकी आठ जण ठणठणीत."

मावशीने खाली मान घालून त्याच्या हातावर पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी तिने आठ पट्ट्या सोडल्या. सगळ्या कोरड्या. तिचा जीव भांड्यात पडला. आठ पुडकी बांधून ट्रेमध्ये ठेवली, हात धुवायला वळली, परत आली...

ट्रेमध्ये नऊ पुडकी होती.

नववं ओलं होतं. मेणकागदातून पिवळं पाणी झिरपत होतं. हात लावला तर कोमट. आणि वास... लसणाचा. तिथे काम केलेल्या प्रत्येकाला तो वास माहीत होता. त्या विषाचा स्वतःचा वास.

पुडक्यावर नंबर होता, नऊ. अक्षर मावशीचं.

भट्टीवाले काका ट्रे न्यायला आले. "सिस्टर, खाटा आठ आणि पुडकी नऊ? जुळं झालं की काय कुणाला?"

मावशीला हसू आलं नाही. तेवढ्यात केंद्राचे मेजर साहेब आले. त्यांनी पुडकं पाहिलं. चेहरा जरासुद्धा हलला नाही. चिमट्याने उचललं आणि थेट भट्टीत.

"मोजण्यात चूक झाली तुमची. वहीत आठच लिहा."

तिसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. या वेळी ते कागदातून फुटून बाहेर आलं होतं. पट्टीला कातडी चिकटली होती, दुधावरची साय निघावी तशी अख्खी निघालेली. त्यावर बारीक काळे केस. मावशी बेसिनपाशी धावली आणि भडभडून ओकली.

तोंड धुताना तिला आवाज ऐकू आला.

टप...

टप...

हॉलच्या टोकाला, आठव्या खाटेच्या पलीकडे, जमीन मोकळी होती. फरशीवर खाटेच्या चार पायांचे डाग. त्या चार डागांच्या मधोमध पिवळं थारोळं साचलं होतं. वर छत कोरडं.

ती नववी खाट कुणाची, हे मावशीला विचारावं लागलं नाही.

मागच्या तुकडीत नऊ जण होते. नवव्याचा हात तिसऱ्या दिवशी खांद्यापर्यंत फुटला. पोरगेलासा जवान होता. त्याने विचारलं होतं, "सिस्टर, हे काय होतंय हो मला?" मावशीने हसून सांगितलं होतं, "पुरळच आहे. बरं होईल."

आठव्या दिवशी तो मेला.

मेजर साहेब म्हणाले होते, "कातडीच नाजूक होती त्याची. एकामुळे सगळा निकाल बिघडतो. काढून टाका." तिथली रीतच होती ती. जो आकडा जुळत नाही, तो काढायचा. मग मलम आठपैकी आठ पास.

वहीत फूटपट्टी ठेवून त्याच्यावर लाल रेघ कुणी मारली?

मावशीने. तिने स्वतः कबूल केलंय माझ्यापाशी.

चौथ्या दिवशी अकरा वाजता आठही जणांना काचेच्या खोलीत न्यायचं ठरलं होतं. मंजुरी द्यायला मोठे अधिकारी येणार, वही तपासणार आणि सही करणार. नऊ वाजता मावशीने पट्ट्या सोडल्या. सगळ्या कोरड्या. बारक्या खुशीत होता, खाटेवर पाय हलवत बसला होता.

ट्रेमध्ये नववं पुडकं आलं होतं.

मेजर साहेबांनी चिमटा पुढे केला. त्याच्या आधी मावशीने ते दोन्ही हातांनी उचललं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिने पुडकं काट्यावर ठेवलं. काटा थरथरत पार शेवटाला गेला.

तिने शाईने लिहिलं. नऊ. पुढे वजन.

"सिस्टर, डोकं ठिकाणावर आहे का? तो माणूसच नाही इथे!"

"काट्यावर आलं ते वहीत जाणार, साहेब. नियम तुमचाच आहे."

वहीच्या पानांना छापील नंबर होते. पान फाडायची सोय नव्हती. मोठे अधिकारी आले, त्यांनी तो आकडा पाहिला आणि म्हणाले, "एवढं वजन? उघडा बघू."

पुडकं उघडलं... आणि अधिकारी स्वतःच्या बुटांवर ओकले.

आत काय होतं ते मावशी सांगत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "जेवण झालंय ना तुझं? मग नको विचारू."

काचेची खोली रद्द झाली. आठही जणांना रजा देऊन घरी पाठवलं. मावशीने त्याच दिवशी राजीनामा दिला. भावाचा हात धरून फाटकाबाहेर आली, तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. मामाचा हात स्वच्छ होता. एक डागसुद्धा नाही.

बसची वाट बघता बघता मामा म्हणाला, "ताई, एक सांगू? रागावू नकोस. तू त्या नवव्याशी बरं नाही वागलीस."

"कोण नववा?"

"शेवटच्या खाटेवरचा गं. आम्हा सगळ्यांच्या पट्ट्या सोडायचीस, पण त्याच्याकडे ढुंकून बघायची नाहीस. बिचारा रोज नऊ वाजता हात पुढे करून बसायचा."

मावशी तिथेच फुटपाथवर बसली.

"काही... बोलायचा का रे?"

"एकच. सिस्टरने सांगितलंय, पुरळच आहे, बरं होईल."

या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. मामाची ती पोरगी स्वतः आई झाली. मामा धडधाकट होता. आम्हाला वाटायचं, संपलं ते.

गेल्या मंगळवारी मी मावशीकडे होते. सकाळी मामाचा फोन आला. मीच स्पीकरवर टाकला, कारण मावशीला हल्ली कमी ऐकू येतं.

"अगं, काही विशेष नाही," मामा म्हणाला. "कोपराखाली जरासं उठलंय. पुरळच आहे. बरं होईल."

मावशीने घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजले होते.

गॅस बंद होता. ओटा कोरडा होता. आणि स्वयंपाकघरातून लसणाचा वास येत होता.